उष्ट्या गोळ्या

डॉक्टर ‘बंद’ म्हणाला तेव्हा नंदाबाईच्या तोंडावर हसू फुललं आणि फकिराचा हात सदऱ्याच्या खिशाकडं गेला.

उमरखेडच्या त्या खासगी दवाखान्यात नवराबायको दीड वर्षापासून येत होते. नंदाबाईच्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी चेकाळली होती. बसल्या जागी छाती धडधडायची, हात थरथरायचे, आणि अंग असं झडलं की मनगटातल्या बांगड्या कोपराला भेटायला जायच्या. दीड वर्षं गोळ्या चालल्या तेव्हा कुठं ती ताळ्यावर आली.

“रिपोर्ट एकदम मस्त आहे, आजी,” डॉक्टर म्हणाला. “आता गोळ्या बंद. सहा महिन्यांनी रक्त तपासायला या.”

“सगळ्या बंद?” फकिरानं विचारलं.

“सगळ्या.”

“पन उरल्या हायेत ना. त्या छातीवाल्या बारीक गोळ्या. बत्तीस उरल्या.” त्यानं सदऱ्याच्या खिशातून पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. मागं एका खेपेला दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या होत्या. मग डॉक्टरनंच दोनाची एक केली, एकीची अर्धी केली, आणि त्या तशा शिल्लक राहिल्या.

डॉक्टरनं पुढच्या पेशंटचा कागद हातात घेतला होता. “उरू द्या बाबा. बायको बरी झाली ना तुमची? पेढे वाटा.”

उरू द्या! फकिराला पासष्ट वर्षांत असं कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या घरात काही उरत नसे, आणि उरलंच तर ते फकिराच्या पोटात जात असे. नंदाबाई आजारी पडल्यापासून तर हे ठरूनच गेलं होतं. ती अर्धी भाकर खाऊन ताट सरकवायची आणि हा ते ताट आपल्यापुढं ओढायचा. बायकोनं नवऱ्याच्या ताटात जेवावं ही जगाची रीत. इथं गंगा उलटी वाहत होती. शेजारच्या डोंगरसिंगानं एकदा भर बंजारा तांड्यात बोट दाखवलं होतं, “पाहा रे, फकिरा बायकोचं उष्टं खाते!” चार माणसं हसली. फकिरा म्हणाला, “तुह्या बायकोचं तं खात नाही ना? मंग!” आणि ताट पुसून खाल्लं. पुढं पुढं त्यानं स्वतःची एक भाकर कमीच करून टाकली. सून नंदाबाईला याडी, म्हणजे आई, म्हणायची; ती वाढायला आली की तो ताटावर हात आडवा धरायचा, “बस बेटा. तुह्या याडीची अर्धी येतेच.”

दवाखान्याच्या खालीच औषधाचं दुकान होतं. फकिरानं तिथं पट्ट्या काचेवर मांडल्या.

“ह्या वापस घ्या.”

दुकानदारानं पट्ट्या उलटसुलट केल्या. “बाबा, ह्या कापलेल्या आहेत. तारीखसुद्धा कापून गेली. कशा घेऊ?”

“कापल्या, पन फोडल्या नाही. कृषी केंद्रवाला तं सोयाबीनची बॅग वापस घेते. शिलाई उसवली नसली का मुकाट घेते.”

“हे काय बियाणं आहे का?”

“पैसे नको मले. नुसत्या ठेवून घ्या.”

“ठेवून काय करू? पूजा करू?”

मागं उभी असलेली दोन माणसं हसली. फकिरानं पट्ट्या गोळा केल्या, खिशात घातल्या आणि खिशाचं बटण लावलं. नंदाबाई बाहेर भज्याच्या गाडीपाशी उभी होती, तिला हे दिसलं नाही, तेवढंच बरं वाटलं त्याला. एसटीत तिनं पुडा सोडला, अर्धी भजी खाल्ली आणि सवयीनं पुडा त्याच्या मांडीवर ठेवला.

“काहून असे चूप बसले?” तिनं विचारलं. “मी बरी झाली याचा राग आला का काय?”

“राग कायचा वं,” फकिरा म्हणाला आणि भजं तोंडात टाकलं.

त्याच्या डोक्यात त्याची याडी बोलत होती. मरून तीस वर्षं झाली, पण तिचं बोलणं काही थांबलं नव्हतं. ती म्हणायची, “औषध घरात उरलं का दुखनं त्याच्या वासानं माघारी येते.” फकिराच्या बापाला एकदा ताप आला होता. चार दिवसांत उतरला. लाल औषधाची अर्धी बाटली कोनाड्यात उरली. महिन्याभरानं ताप पुन्हा आला आणि बापाला घेऊनच गेला. फकिरा तेव्हा लहान होता. बाप गेल्यावर याडीनं ती बाटली कोनाड्यातून काढली, उजेडात धरली, आणि म्हणाली, “हेच. हेच पाहून आला तो.”

आता शहाण्या माणसाला इथं हसू येईल. येऊ द्या. पण ज्यानं दीड वर्षं रात्रंदिवस एका बाईचा श्वास मोजला, त्याच्या खिशात त्या बत्तीस गोळ्या कशा जड झाल्या असतील, हे त्या शहाण्याला कळायचं नाही.

ढाणकीला उतरून तांड्यावर पोचेपर्यंत फकिरानं सगळ्या वाटा तपासून पाहिल्या. उकिरड्यावर टाकाव्या, तर उकिरडा शेतात जातो, आणि शेतातलं पुन्हा घरात येतं. विहिरीत टाकाव्या, तर ते पाणी सगळा तांडा पितो. पुराव्या, तर बांधावर शेळ्या उकरतात. संध्याकाळी डोंगरसिंग तंबाखू मागायला आला, तेव्हा आणखी एक वाट दिसली.

“गोळ्या उरल्या म्हनते वहिनीच्या?” डोंगरसिंग म्हणाला. “मले दे ना. माह्यावालीची पन छाती धडधडते, मी घरी आलो का.”

तो आपल्याच विनोदावर हसला. फकिरा हसला नाही.

“नाही देत. दुखनं तुह्या घरात येईन.”

“येऊ दे. एवढी मोठी बायको आली घरात, तिले कुठं नाही म्हनलं!”

फकिरानं दिल्या नाहीत. डोंगरसिंग जिभेचा तिखट होता, पण त्याच्या घरात दुखणं पाठवावं असं त्यानं काही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात बैलांना कडबा टाकताना त्याला एकदम सापडलं. उरलेल्याचं आपण काय करतो? खातो. नंदाचं उरलेलं आजपर्यंत कोणी संपवलं? आपण. मग अडलं कुठं? त्यानं खिशाचं बटण काढलं, एक गोळी फोडली आणि गोठ्यातल्या लोट्याच्या पाण्याबरोबर गिळली. कडू नव्हती. सकाळी एक, संध्याकाळी एक; नंदाबाई भर दुखण्यात घ्यायची तशीच. दिवाळीच्या आत संपतील आणि खिसा मोकळा होईल. त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं बैलाच्या कपाळावर थाप मारली.

त्याच दिवशी सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, लागली. यंदा रान ओलं राहिलं म्हणून हार्वेस्टर वावरात शिरत नव्हतं, आणि मजूर सगळे मोठ्या वावरांवर आधीच गेले होते. चार एकर सोयाबीन पिवळं होऊन वाळलं होतं. आणखी आठ दिवस उभं राहिलं असतं तर शेंगा तडकून दाणा मातीत गेला असता. म्हणून घरचीच माणसं उतरली: फकिरा, मुलगा शाम, सून उज्ज्वला. डोंगरसिंगाशी ठरलं की तो यांच्या वावरात येईल, आणि नंतर हे त्याच्या.

फकिरानं नेहमीप्रमाणे बांधाकडची पात, म्हणजे कापायची रांग, धरली. सोंगणीत तो कुणाला पुढं जाऊ देत नसे. डाव्या हातानं मूठ धरायची, उजव्यानं इळा ओढायचा, मूठ मागं टाकायची, पाय सरकवायचा. कंबर एकदा वाकली की पातीच्या टोकालाच सरळ व्हायची. पहिले दोन दिवस तसंच झालं.

तिसऱ्या दिवशी नंदाबाई इळा घेऊन वावरात आली.

“तू काहून आली?” फकिरा ओरडला.

“डॉक्टरनं गोळ्या बंद केल्या. काम बंद करा म्हनला नाही.”

ती त्याच्या शेजारच्या पातीला बसली. दीड वर्षानं हातात इळा. पहिल्या चार मुठी वाकड्यातिकड्या पडल्या, मग हात आपोआप बसला. फकिरा डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होता. ती थांबत नव्हती, छातीवर हात ठेवत नव्हती. दुपारपर्यंत ती त्याच्या बरोबरीनं होती. चौथ्या दिवशी ती त्याच्या दोन हात पुढं निघाली. पाचव्या दिवशी पातीच्या टोकाला पोचून, बांधावरच्या घागरीतलं पाणी पिऊन, पदरानं तोंड पुसून ती मागं वळली, तर फकिरा अजून अर्ध्यात.

“अरे पाहा, पाहा!” डोंगरसिंगाचा आवाज सगळ्या वावरात गेला. “बायकोनं मागं टाकलं गा! आता हिचं उष्टं नाही पुरत तुले. आखी भाकर खात जाय!”

उज्ज्वलानं पदर तोंडाला लावला. शामसुद्धा हसला. फकिराच्या कानशिलाला घाम सुटला होता आणि डोळ्यापुढं बारीक बारीक काजवे चमकत होते, पण आतून त्याला असा आनंद झाला होता की तो कुणाला सांगता येत नव्हता. लागू पडून राह्यलं! आपण गिळतो आणि ती उठते. आपण एक घेतो आणि ती एक पात जास्त काढते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, तसलं ते होतं. पण फांदी तुटलेली ज्याला दिसते तो कावळ्यालाच मानतो. फकिरानं त्या संध्याकाळी गोळी आणखी भक्तीनं घेतली.

सहाव्या-सातव्या दिवशी त्याचं अंग सांगायला लागलं. उकिडवं बसून उठलं की वावर एका बाजूला कलायचं. तो इळा जमिनीत रोवून उभा राहायचा, आणि कुणी पाहिलं तर धार पाहिल्यासारखं करायचा. पाय मणाचे झाले होते. ऐन उन्हात हाताची बोटं गार पडायची. इळ्याची मूठ हातात आहे की नाही कळायचं नाही. रात्री तो आडवा झाला की मेल्यासारखा झोपायचा. ‘म्हातारपण,’ त्यानं स्वतःला सांगितलं. ‘दिवाळीनंतर पाहू.’

“बा, तुमाले बरं नाही का?” उज्ज्वलानं डबा सोडताना विचारलं. “तोंड काहून असं उतरलं?”

“ऊन हाय बेटा.”

“ऊन तं आमालेबी हाय.”

“तुमी तरुन हा,” तो म्हणाला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. नंदाबाई समोर बसून भाकरीचा तुकडा मोडत होती. तिनं त्याच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग अर्धी भाकर त्याच्याकडं सरकवली. त्या दिवशी तिला अजून भूक होती. पण तो वाट पाहत असतो, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं ती ठेवली होती.

नवव्या दिवशी दुपारी पैनगंगेच्या अंगानं ढग चढले. तीन एकर सोंगून झालं होतं आणि वावरभर सोयाबीनचे ढीग पडले होते. भिजले असते तर दाणा काळा पडला असता. शाम आणि डोंगरसिंग मधोमध गंजी रचू लागले. बायका ढीग उचलून आणत होत्या. फकिरानं एक भलामोठा ढीग कवळ्यात घेतला, गुडघ्यावर जोर देऊन उठला, आणि त्याला दिसलं की आभाळ खाली आलं आहे.

पुढचं त्याला आठवत नाही. नंदाबाईला आठवतं. तिला सोयाबीन चालत जाताना दिसलं, आणि मग सोयाबीन खाली बसलं. ती धावत पोचली तेव्हा तो तोंडावर पडला होता. सोंगलेल्या रानातली धसकटं खिळ्यासारखी उभी असतात. एक गालात घुसलं होतं आणि रक्त दाढीच्या खुंटांमधून उतरत होतं.

“कांई वेगो? काय झालं तुमाले?” घाबरली की तिला घरची बंजारा बोलीच आधी यायची. तिनं त्याला उताणा केला, डोकं मांडीवर घेतलं, आणि त्याचा हात हातात धरला.

हात गार होता.

तिनं दुसरा धरला. तोही गार. बोटांची टोकं तर विहिरीतल्या दगडासारखी. वर ऊन पोळत होतं, त्याच्या कपाळावर घाम होता, आणि हात मात्र गार. नंदाबाईला हे हात ओळखीचे वाटले. दीड वर्षांपूर्वी ती बारीक गोळी सुरू झाली तेव्हा तिचे हात असेच गार पडायचे. हाच माणूस रात्री ते हात आपल्या काखेत धरून बसायचा. डॉक्टरनं सांगितलं होतं, गोळीचा गुण आहे, घाबरू नका.

तिनं त्याच्या खिशाच्या बटणाकडं पाहिलं.

ढग डोक्यावर आले होते. शाम बापाकडं पाही, गंजीकडं पाही. वर्षाचं पीक उघडं पडलं होतं.

“गाडी काढ,” नंदाबाई म्हणाली.

“याडी, गंजी...”

“भिजू दे.”

“भिजत नाही अन् काही नाही!” डोंगरसिंग गंजीवरून ओरडला. त्याचा आवाज जरा फाटला होता. “मी हाय ना इथं. उज्ज्वला, ताडपत्री आन. शाम, तू बापाले ने. तो बरा झाला पाह्यजे, नाहीतं मी हसू कोनाले?”

मोटारसायकलवर शाम पुढं, फकिरा मध्ये आणि त्याला मागून कवटाळून नंदाबाई, असे ते ढाणकीच्या सरकारी दवाखान्यात पोचले. तिथल्या नर्सबाईंचं नाव निशिगंधा. सगळा भाग त्यांना सिस्टर म्हणतो. त्यांनी फकिराला खाटेवर निजवलं, दंडाला पट्टा बांधला, मनगट धरलं, आणि घड्याळाकडं पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलला.

“बेचाळीस,” त्या म्हणाल्या. “एवढे कमी ठोके? बाबा, कोणती गोळी चालू आहे?”

“मले कायची गोळी? मी गोळी खातच नाही.”

“बीपीची? शुगरची?”

“नाही बा.”

“सिस्टर,” नंदाबाई म्हणाली, “खोटं बोलून राह्यले.”

तिनं त्याच्या खिशाचं बटण काढलं. तो तिचा हात धरायला गेला, पण त्याच्या बोटांत जोर नव्हता. तिनं पट्ट्या बाहेर काढल्या. कापलेली एक, रिकामी एक, अर्धी फोडलेली एक. तिनं त्या खाटेवर ठेवल्या आणि फकिराचा गार हात दोन्ही हातांत घेतला.

“ह्या माह्या हायेत ना?”

फकिरा भिंतीकडं पाहू लागला.

“तुमाले इचारून राह्यली. काहून खाल्ल्या?”

“उरल्या होत्या,” तो म्हणाला.

सिस्टरनं पट्ट्या उचलल्या, डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर आले, नाव वाचलं, छाती तपासली, ईसीजीची लांब कागदी पट्टी काढली, सुई लावली, आणि मग पोटभर रागावले. ठोके कमी करायची गोळी आहे ही, ज्याची छाती धावते त्याच्यासाठी. तुमची धावत नव्हती, तुम्ही तिला बसवायला निघालात. अजून चार दिवस घेतल्या असत्या तर इथपर्यंतही आला नसता. उद्या सकाळपर्यंत इथंच ठेवतो. फकिरानं सगळं ऐकून घेतलं. मोठ्या माणसानं लहान पोरासारखं रागावून घ्यावं आणि शेजारी बायको उभी असावी, यासारखी दुसरी शरम नाही.

डॉक्टर गेल्यावर बाहेर पाऊस पडू लागला. शाम दारात उभा राहून वावराच्या दिशेनं पाहत होता. नंदाबाई खाटेच्या कडेला बसली.

“आता सांगा.”

आणि त्यानं सांगितलं. याडीचं बोलणं सांगितलं, लाल बाटलीचं सांगितलं, दुकानात लोक हसले ते सांगितलं, उकिरडा, विहीर, शेळ्या सगळं. “कोनाले देल्या असत्या तं दुखनं त्याच्या घरी गेलं असतं. अन् ठेवल्या असत्या तं तुह्याकडं माघारी आलं असतं. म्हून म्हनलं, आपनच संपवाव्या. तुह्यं उरलेलं मीच खातो ना.” तो थांबला. त्याला धाप लागली होती. “अन् लागू पडून राह्यलं होतं वं, नंदा. तू माह्या पुढं निघाली. पात काढून, पानी पिऊन, तोंड पुसून उभी होती. मले वाटलं, अजून पंधराच राह्यल्या. अजून पंधरा गिळल्या का हे दुखनं कायमचं आपल्या घराची वाट इसरते.”

नंदाबाईला हसू आलं आणि त्याच्याच मागोमाग रडू आलं, आणि दोन्ही एकदम आवरेनात तेव्हा तिनं पदर तोंडावर घेतला. दीड वर्षात ती मरणाला भ्यायली नव्हती इतकी आज दुपारी भ्यायली होती.

“येडपट मानूस,” ती म्हणाली. “मी मरता मरता वाचली अन् तुमी जित्या जित्या मरायले निघाले. मी बरी होऊन कोनाचं तोंड पाहू मंग? डोंगरसिंगाचं?”

सिस्टर इंजेक्शनची रिकामी बाटली टाकता टाकता थांबल्या होत्या. मग त्या पुढं आल्या.

“बाबा, ऐका. उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका, हे तुमची याडी बरोबरच म्हणायची. दुखणं येतं म्हणून नाही, तुमच्यासारखं कोणी तरी खातं म्हणून. कोणाला दिल्या नाही, हेही बरोबर. विहिरीत टाकल्या नाही, बरोबर. सगळं बरोबर केलं आणि शेवटी तोंडात टाकल्या!” त्यांनी कोपऱ्यातल्या पिवळ्या पिशवीच्या डब्याकडं बोट केलं. “त्या इथं आणून द्यायच्या. गाडी येते, घेऊन जाते, मोठ्या भट्टीत जाळते.”

“जाळते?” फकिरानं मान उचलली. “मंग माघारी नाही येत?”

“राखेचा वास कोणाला येतो बाबा?”

याडी असती तर तिलाही हे पटलं असतं, असं फकिराला वाटलं.

“मले टाकू द्या,” तो म्हणाला.

नंदाबाईनं त्याला धरून उठवलं. चार पावलांवर डबा होता, पण त्याला तिच्या खांद्यावर भार द्यावा लागला. त्यानं पंधरा गोळ्या मोजल्या, पट्टीसकट पिवळ्या पिशवीत सोडल्या, आणि देवाला नारळ वाहिल्यावर उभं राहावं तसा क्षणभर तिथं उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं तेव्हा डोंगरसिंग ओट्यावर बसलेला होता. गंजी कोरडी होती. तिच्यावर ताडपत्री ताणताना त्याच्या पाठीवर मात्र सगळा पाऊस पडला होता आणि तो सारखा शिंकत होता. त्यानं कृषी केंद्राची एक प्लास्टिकची थैली उज्ज्वलाच्या हातात दिली. आत अर्ध्या-मुर्ध्या पट्ट्या, चिकटलेल्या बाटल्या, कधीकाळच्या मलमाच्या नळ्या.

“घरात सापडल्या,” तो दुसरीकडं पाहत म्हणाला. “शाम सांगत होता त्या पिवळ्या थैलीत टाकून ये. अन् फकिरा, आता माह्या बायकोचं उष्टं खायले नको येऊ.”

“नाही येत,” फकिरा म्हणाला. “तिच्या हातची भाजी तूच खाय.”

संध्याकाळी उज्ज्वलानं ताटं मांडली. बाहेर ओलं गार वारं होतं आणि चुलीवर ज्वारीची भाकर फुगत होती. फकिराचा गाल सुजला होता. तो एका बाजूनं चावत होता. उज्ज्वला वाढायला आली तसा त्यानं सवयीनं ताटावर हात आडवा धरला, “बस बेटा. तुह्या याडीची अर्धी येतेच.”

नंदाबाई खाली मान घालून जेवत होती. अर्धी भाकर झाली. फकिराची नजर तिच्या ताटावर गेली. तिनं उरलेल्या अर्धीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, खाल्ला. दुसरा मोडला. मिरचीचं देठ तेवढं बाजूला ठेवलं. शेवटच्या घासानं तिनं ताट गोल फिरवून पुसलं, तो घास तोंडात घातला, आणि रिकामं ताट उचलून त्याच्यासमोर धरलं.

“पाहा,” ती म्हणाली. “काही उरलं नाही.”

फकिरानं ताटात पाहिलं. कण नव्हता. दीड वर्षांत पहिल्यांदा त्याच्या वाट्याला काही आलं नव्हतं, आणि त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते सदऱ्याच्या बाहीला पुसले, आपलं रिकामं ताट पुढं सरकवलं आणि चुलीकडं पाहून म्हणाला,

“उज्ज्वला, बेटा, अजून एक भाकर टाक वं. मले आज पुरली नाही.”